सरोजाबाईंचे कानवाले सील

कुंभकोणममध्ये मेलकावेरीला येऊन स्वामीनाथरावांचं घर कुठं, असं विचारलंत तर कुणी चटकन सांगणार नाही. बँकेतून निवृत्त झालेला, मान खाली घालून चालणारा माणूस. त्याला कोण ओळखतो? पण सील असलेलं घर विचारा, कोपऱ्यावरचा विड्याच्या पानांचा दुकानदारसुद्धा उठून दार दाखवील. नवरात्रात तर विचारायचीही गरज नाही. संध्याकाळी रेशमी साड्या ज्या दारात वळतात, तेच ते घर.

आता कावेरीच्या काठी, जिथं जरा वारं सुटलं की लोक कानाला मफलर गुंडाळतात, तिथं बर्फातल्या सीलांचं काय काम? ते काम काढलं सरोजाबाईंनी, म्हणजे स्वामीनाथरावांच्या बायकोनं. बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होत्या. तरुणपणी कानावर हेडफोन चढवून लोकांच्या लाइनी जोडल्या, पुढे यंत्रं आली तेव्हा लोकांच्या तक्रारी ऐकल्या, आणि सगळ्या नोकरीत कुणावर एकदाही आवाज चढवला नाही. चिडलेल्या माणसाची लाइन हळूच दुसरीकडे कशी वळवावी, हे त्यांच्याइतकं कुणाला जमत नसे.

घर मराठी. पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले आणि इथलेच झाले. घरात जी मराठी बोलतात ती ऐकून पुण्याचे पाहुणे गालात हसतात, आणि उंबरठा ओलांडला की सगळे तमिळ बोलतात. कोलू मात्र घरातही आहे आणि बाहेरही. नवरात्रात पायऱ्या लावायच्या, वर पांढरं धोतर अंथरायचं आणि बाहुल्या मांडायच्या. सगळ्यांत वर देव, मग संत, मग माणसं, खाली जनावरं आणि पायथ्याशी आरसा ठेवून केलेलं तळं. ह्या घरात वरच्या पायरीवर विठोबा-रखुमाई असतात, एवढाच काय तो फरक. नियम सगळ्यांना सारखे. दर वर्षी एक तरी नवी बाहुली हवी. एकदा मांडली की विजयादशमीपर्यंत हलवायची नाही. आणि खंडित बाहुली, म्हणजे नाक तुटलेली, हात गेलेली, पायरीवर अजिबात चढवायची नाही.

सरोजाबाई बाहुल्या विकत आणत नसत. जुनी तमिळ वर्तमानपत्रं भिजवून इडलीच्या ग्राइंडरमध्ये वाटायच्या, त्यात चिंचोक्यांची खळ, खडूची भुकटी आणि किडे लागू नयेत म्हणून मेथीची पूड घालायच्या. त्या दिवसांत घरात इडल्या मिळत नसत आणि स्वामीनाथराव न बोलता कोपऱ्यावरच्या हॉटेलात जात.

आणि त्यांना एकच मुलगी, चैत्रा. प्राणिशास्त्र शिकली, मग आणखी शिकली आणि शेवटी स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्राकाठच्या एका गावी जाऊन सीलांचा अभ्यास करू लागली. वाऱ्यात खडकावर पालथं पडून सीलांकडे बघत बसायचं आणि त्याचा पगार घ्यायचा, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा स्वामीनाथरावांनी दोनदा विचारून घेतलं होतं. तमिळमध्ये सीलला समुद्रातला कुत्रा म्हणतात. त्यामुळे गल्लीत बातमी अशी पसरली की बँकवाल्यांची मुलगी परदेशात कुत्री सांभाळते. सरोजाबाईंना ती बातमी दुरुस्त करायला एक वर्ष लागलं.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. ते समजायला गोमतीअक्कांची ओळख हवी.

गोमतीअक्का ह्या स्वामीनाथरावांच्या थोरल्या बहीण. आई लवकर गेली तेव्हा धाकट्या भावाला त्यांनी वाढवलं, भरवलं, शाळेत ढकललं. राहायला साक्कोट्टैला, हाकेच्या अंतरावर. अठ्ठ्याहत्तरीच्या अक्का, कानात मशीन, हिऱ्यांच्या कुड्या, आणि त्यांचे यजमान अजून सायकलवरून देवळात जातात. माणूस सोन्यासारखं, पण तोंडाला फाटक नाही. मनात आलं की ते जिभेवर आलंच. नवरात्रात घरातली वडील सवाष्ण म्हणून तांबूल देण्याचा मान त्यांचा. त्यांच्यापुढे दोन ताटं मांडलेली असत. मोठ्या ताटात सवाष्णींसाठी नारळ, विडा, हळकुंडं, ब्लाउजचं कापड. छोट्यात लहान मुलींसाठी बांगड्या, केसांच्या क्लिपा, टिकल्या.

चैत्रा तिशीत आली त्या वर्षी रजा घेऊन नवरात्राला आली होती. आवडीनं साडी नेसली, सुंडल म्हणजे उकडलेल्या चण्यांचा प्रसाद वाटला, बायकांच्या पाठोपाठ आत्यापुढे वाकली. अक्कांनी कुंकू लावलं आणि त्यांचा हात दोन ताटांच्या मधोमध अडकला.

"अय्यो," अक्का मोठ्यांदा म्हणाल्या, "हिला कोणतं द्यायचं गं सरोजा? ना कन्या, ना सवाष्ण!"

बायका हसल्या. अक्काही हसल्या, कारण त्यांच्या मनात खरोखर काही नव्हतं, प्रश्न पडला तो विचारला. चैत्राही हसली. "राहू दे, अत्या," म्हणाली आणि रिकाम्या हातानं उठली. दुसऱ्या दिवशी तिनं मद्रासला काम निघालंय असं सांगून बॅग भरली. त्यानंतर ती पोंगलला आली, उन्हाळ्यात आली, नवरात्रात आली नाही. विचारलं की म्हणायची, "आई, तिकडे नेमका हाच पिल्लांचा हंगाम असतो." ते खोटंही नव्हतं. तिथले राखाडी सील शरदातच वितात. पण लेकीचा आवाज ओळखायला सरोजाबाईंना एक्स्चेंजची नोकरी कशाला हवी? त्यांना कळायचं ते कळलं होतं.

मुलगी आली नाही तरी बायका येतच होत्या, आणि प्रत्येक जण सुंडलचा पहिला घास घेऊन विचारी, "चैत्राचं काही जमलं का?" समोरच्या घरातली सौंदर्या तर मुद्दाम हातातला द्रोण खाली ठेवून विचारी. सरोजाबाईंनी पुढच्या वर्षीची नवी बाहुली म्हणून एक सील केला. राखाडी, ठिपक्यांचा, ब्रशचे केस काढून मिशा लावलेला. विचार साधा होता. कुणी चैत्राचं विचारलं की सीलकडे बोट दाखवायचं.

"चैत्रा ना? ती ह्यांच्याकडे असते. पाहिलंत का, ह्याच्या अंगावर चार बोटं चरबी असते, म्हणून थंडी वाजत नाही."

"चार बोटं?" सौंदर्यानं विचारलं. मग तो खातो काय, झोपतो कुठं, झोपेत बुडत कसा नाही. लग्नाची लाइन जी कटली ती कटलीच. सरोजाबाईंना वाटलं, जिंकलं.

तेवढ्यात अक्का पुढे झाल्या. चष्मा वर करून त्यांनी बाहुली नीट न्याहाळली.

"सरोजा, ह्याचे कान कोठे?"

"त्याला नसतात, अक्का. फोटोंत तसंच आहे."

"कान नाहीत असं कोणतं जनावर असतं? तुझ्या हातून तुटले असतील. खंडित आहे हे. देवीच्या पायऱ्यांवर खंडित बाहुली? काढ, काढ."

घरभर बायका, आणि सगळ्यांच्या नजरा त्या सीलवर. काढला असता तर सीलही गेला असता आणि सरोजाबाईंची ढालही गेली असती. त्या स्वयंपाकघरात गेल्या, उरलेल्या लगद्याचे दोन इवलेसे कान वळले, खळीनं चिकटवले आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "बरोबर अक्का, पडले होते, सापडले." अक्कांनी मान डोलावली. सील पायरीवर राहिला आणि ह्या घरात कानाची पद्धत पडली.

मग दर वर्षी एक नवा प्राणी आला. रविवारी फोनवर सरोजाबाई विचारत, "ह्या वर्षी कोणता करू?" आणि चैत्रा, जी एरवी "जेवलीस का" ला हूं म्हणून थांबायची, ती सीलांवर आली की थांबेना.

"आई, ह्यांची घराणी तीन. एक खऱ्या सीलांचं. त्यांना बाहेरून कान नसतात आणि जमिनीवर ते पोटानं सरकतात. दुसरं समुद्रसिंहांचं. त्यांना छोटे कान असतात, आणि मागची वल्ह्यांसारखी पावलं पोटाखाली वळवून ते चक्क चालतात. तिसऱ्या घराण्यात एकटा वॉलरस."

"एकटाच?"

"एकटाच. त्याचे बाकीचे भाऊबंद केव्हाच संपले."

"पाप, बिचारा," म्हणाल्या सरोजाबाई आणि त्या वर्षी वॉलरस केला. मेणबत्त्यांचे दोन लांब सुळे बसवले. सुळे हत्तीचे दिसले, मग अक्कांचा धसका म्हणून कानही हत्तीचेच केले, सुपासारखे. त्या वर्षी लहान मुलं वॉलरसपुढून हलत नव्हती.

हळूहळू खालून दुसरी पायरी त्यांनीच व्यापली. बैकलचा सील आला, जो समुद्रापासून शेकडो मैलांवर गोड्या पाण्याच्या सरोवरात राहतो आणि तिथं कसा पोचला ते कुणाला नक्की सांगता येत नाही. बायकांना तो आपला वाटला; आपणही कुठून कुठं येऊन कावेरीचं पाणी पितो की. हत्ती-सील आला, नाक सोंडेसारखं लोंबणारा, आणि शेजारी त्याची बायको, त्याच्या पोटाखाली सापडली तर चेंगरून जाईल एवढीशी. काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला एक आला. त्याला सौंदर्या जरीकाठवाला म्हणे. खेकडे खाणारा म्हणून नाव पडलेला आणि जन्मात खेकडा न खाणारा एक आला. उबदार समुद्राकाठी वाळूवर लोळणारा आला, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं, की ह्यांच्यात एक तरी शहाणा आहे. एके वर्षी सौंदर्यानं आपल्याकडून समुद्री गायीची बाहुली आणून दिली, आपल्याच पाल्कच्या खाडीतली. चैत्रा फोनवर म्हणाली, ती सीलांची कुणी नव्हे, ती हत्तीच्या नात्यातली. सरोजाबाईंनी तिला उचलून लाकडी हत्तीशेजारी बसवलं, आणि पुढे वर्षभर आल्यागेल्याला ते नातं सांगितलं.

आणि ह्यातला ज्याला ज्याला कान नव्हता, त्याला त्याला सरोजाबाईंनी कान दिला. व्हिडिओ कॉलवर कोलू दाखवताना त्या फोन दाराशी धरत. "जवळून दाखव ना, आई," चैत्रा म्हणे. "समई मध्ये येते गं, नाचियारकोविलची मोठी समई आहे, डोळे दिपतात," आई सांगे.

एका कॉलला तर त्या कानांची धास्ती विसरूनच गेल्या. त्या वर्षीचा सील होता टोपीवाला, नर रागावला की नाकपुडीतून लाल फुगा काढणारा. फुग्याची मजा सांगून झाल्यावर चैत्रा म्हणाली, "पण ह्यांचं खरं नवल वेगळं आहे. ह्यांची आई पिल्लाला चारच दिवस पाजते. चार दिवसांत ते दुप्पट होतं आणि ती निघून जाते."

"चार दिवस?" सरोजाबाईंच्या हातातला ब्रश थांबला. "आणि मग ते एकटंच?"

"एकटंच. शिकतं सगळं."

"आणि तो एकट्या घराण्याचा, वॉलरस? त्याची आई?"

"ती दोन-दोन वर्षं पिल्लाला सोडत नाही. पाठीवर घेऊन हिंडते."

"तोच बरा," सरोजाबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून वॉलरस त्यांचा लाडका झाला आणि सुपासारख्या कानांसकट मधोमध बसू लागला.

ह्या वर्षी भाद्रपदात फोन आला. "आई, पिल्लांची पाळी ह्या वेळी दुसरीनं घेतली आहे. मी नवरात्राला येते."

सरोजाबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी ग्राइंडर चालू ठेवून देवापुढे दिवा लावला. आणि मग त्यांची नजर बाहुल्यांच्या ट्रंकेकडे गेली. आत कानवाल्यांची रांग होती. ज्या प्राण्यांसाठी मुलीनं थंडीवाऱ्यात हाडं गोठवली, ते तिच्या आईनं चारचौघींना बरं वाटावं म्हणून दुरुस्त करून ठेवले होते. कान काढले तर अक्का भर बायकांत खंडित म्हणून उठणार. ठेवले तर चैत्रा पाहणार. आणि ह्या सगळ्याच्या वर ती दोन ताटं होतीच. सरोजाबाईंचं मागणं फार नव्हतं. मुलीनं आपल्याच घरात एक संध्याकाळ, मन दुखावून न घेता, बसावं आणि पुन्हा यावंसं तिला वाटावं. पुन्हा हात रिकामा गेला तर ती नवरात्राला परत येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"अक्कांशी बोला ना तुम्ही," त्यांनी नवऱ्याला सांगून पाहिलं.

"अक्काशी?" स्वामीनाथरावांनी असं विचारलं, जणू कुणी त्यांना कावेरी उलटी वाहायला सांगायला लावलं होतं. "तूच बघ काय ते." आणि ते समई घासायला बसले.

चैत्रा दुपारच्या गाडीनं आली. केसांत दोन-चार पांढरे, गाल वाऱ्यानं रापलेले. चप्पल काढली आणि तशीच पायऱ्यांपुढे जाऊन उकिडवी बसली. सरोजाबाई कॉफीचा टंबलर घेऊन मागे उभ्या राहिल्या. मग चैत्राचे खांदे हलायला लागले. सरोजाबाईंना वाटलं रडतेय. वाकून पाहतात तर ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"आई, ह्या वॉलरसचे कान!"

"हत्तीचे आहेत," आई खजील होऊन म्हणाल्या.

"आणि ह्या सगळ्यांना काय म्हणून लावलेस? मी तुजला सांगितलं होतं की."

"अक्का म्हणाल्या, खंडित आहे. काढून टाका म्हणाल्या. मी काय करू?"

चैत्राचं हसू ओसरलं. तिनं बैकलच्या सीलकडे पाहिलं, मग आईकडे. "राहू दे, आई," ती म्हणाली, आणि कॉफी घेतली.

राहू दे. तोच शब्द, तोच आवाज, आतून कडी लावल्यासारखा. ती रागावली असती, भांडली असती, तर सरोजाबाईंनी सुखानं ऐकून घेतलं असतं.

संध्याकाळी घर भरलं. चैत्रा आईची पानाच्या रंगाची साडी नेसून सुंडल वाटत होती. कुणी तिकडच्या थंडीचं विचारलं, कुणी पगाराचं. सौंदर्यानं द्रोण खाली ठेवला, तेव्हा सरोजाबाईंनी लांबूनच जरीकाठवाल्याकडे बोट दाखवून ती लाइन वळवली. सगळं ठीक चाललं होतं. अक्का ताटांपाशी बसून एकेकीला तांबूल देत होत्या. शेवटी चैत्रा पुढे आली आणि वाकली.

अक्कांनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं. मग हात ताटांकडे गेला आणि मधोमध थांबला. तीच जागा, तोच हात.

"सरोजा," अक्कांनी हाक मारली, "हिला..."

सरोजाबाई सवयीनं पुढे झाल्या. बोट बैकलच्या सीलकडे वळलंही. वाक्य तयारच होतं, की अक्का, हा समुद्र सोडून सरोवरात कसा राहतो सांगू का. पण त्यांची नजर चैत्रावर पडली. चैत्रा हसत होती, त्या वर्षीसारखीच, आणि हात मागे घेऊन उठायच्या बेतात होती.

सरोजाबाईंनी सील उचलला. भर नवरात्रात, मांडलेली बाहुली. सौंदर्या "अय्यो" म्हणाली. सरोजाबाईंनी अंगठ्यानं त्याचा एक कान दाबला, टक्कन तुटला. मग दुसरा.

"अक्का, ह्याला कान नव्हतेच," त्या म्हणाल्या, आणि आवाज असा चढला की त्या स्वतःच दचकल्या. "तुम्ही खंडित म्हणालांत आणि मी भ्याले, म्हणून चिकटवले. देवानं ह्याला असाच केला आहे. ह्याचं काही तुटलं नाही, ह्याच्यांत काही कमी नाही. आणि माझ्या मुलीतही काही कमी नाही. हिला कोणतं द्यायचं हा प्रश्न माझ्या घरांत पुन्हा नको!"

स्वामीनाथराव दाराआड उभे होते, ते एक पाऊल आत आले, आणि हे त्यांच्या मानानं फार झालं.

अक्कांनी कानातल्या मशीनला बोट लावलं. "काय म्हणाली तुझी आई?" त्यांनी चैत्राला विचारलं. "मजला नीट आलं नाही ऐकू."

मशीन खरंच बंद होतं, की अक्कांना ते दुसऱ्या तोंडून ऐकायचं होतं, हे त्या अजूनही सांगत नाहीत.

चैत्रानं आईकडे पाहिलं. आईच्या हातात सील, पायाशी दोन कान. ती आत्याच्या आणखी जवळ सरकली आणि कानाशी तोंड नेऊन सावकाश म्हणाली, "अत्या, ती म्हणाली, ह्याच्यांत काही कमी नाही." मग पुढे म्हणाली, "आणि माझ्यांतही काही कमी नाही."

"हं," अक्का म्हणाल्या. त्यांनी सील मागून घेतला, मांडीवर ठेवला आणि जिथला कान निघाला होता तिथं अंगठा फिरवला. "कान नाही, मग ऐकतो कसा?"

"आंतून. बारीक भोक असतं, अत्या, बस्. पाण्याखाली आपल्याहून चांगलं ऐकतो."

"मजला देवानं दोन दिले, वर भावानं मशीन घेऊन दिलं, तरी माझी ही गत," अक्का म्हणाल्या. सौंदर्या फिस्सकन हसली आणि मग सगळ्याच हसल्या. पण अक्का हसल्या नाहीत. त्यांनी मोठ्या ताटातला चांगला थोरला नारळ निवडला, त्यावर विडा, हळकुंडं आणि ब्लाउजचं कापड ठेवलं आणि ते सगळं चैत्राच्या पदरात घातलं.

"हे मोठ्या बायकांचं ताट. तू मोठी बाई आहेस. संपलं," त्या म्हणाल्या. मग हात तसाच तिच्या गालावर ठेवून, हळू आवाजात, "तेव्हांही देता आलं असतं गं. मजला सुचलं नाही."

चैत्रानं पदर घट्ट धरला आणि मान आत्याच्या खांद्यावर टेकवली. सरोजाबाई स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुऊन आल्या. रडताना लोकांनी पाहिलेलं त्यांना आवडत नसे, आणि त्या दिवशी तर त्या खूप रडल्या.

अक्का त्या दिवशी साक्कोट्टैला परतल्या नाहीत. सकाळी उठून, वेणी घालून, त्या पायऱ्यांपुढे खुर्ची घेऊन बसल्या. कान निघालेल्या सीलवर खडूचे दोन पांढरे डाग उघडे पडले होते.

"हे असं दिसलं की मी खंडित म्हणणारच," अक्कांनी बजावलं. "रंग लावा. सगळ्यांचे काढा आणि सगळ्यांना रंग लावा. हलवायचं नाही हां, जागेवरच."

माय-लेकी बसल्या. चैत्रा एकेकाचा कान जपून तोडी, सरोजाबाई रंग कालवून जागा भरत, आणि चैत्रा बारीक ब्रशनं डोळ्यामागे एक काळा टिपका देई. समुद्रसिंहांचे कान खरेच, ते तसेच राहिले. अक्कांचं लक्ष सगळीकडे होतं. "त्याचं भोक राहिलं. बिचाऱ्याला ऐकू येऊ दे." राखाडी झाला, टोपीवाला झाला, हत्ती-सील आणि त्याची बायको झाली. स्वामीनाथरावांनी न विचारता तीन वेळा कॉफी आणली.

शेवटी चैत्राचा हात मधोमध बसलेल्या वॉलरसकडे गेला.

"त्याला हात लावू नको," अक्का म्हणाल्या.

"अत्या, वॉलरसलाही बाहेर कान नसतात."

"नसतील. पण आज किती काढशील? हे केवढे आहेत बघ. रंग पुरणार नाही." अक्का पदरानं चष्मा पुसू लागल्या, तो बराच वेळ पुसून होईना. "हे पुढल्या वर्षी काढ. तू येशील तेव्हां."

चैत्रानं वॉलरसकडे पाहिलं, सुपाएवढ्या त्या कानांकडे, आणि मग आईकडे. सरोजाबाईंनी रंगाच्या वाटीत मान घातली होती. त्या कान देऊन ऐकत होत्या.

"सरी, बरं, अत्या," चैत्रा म्हणाली. "पुढल्या वर्षी."

विजयादशमी झाली, चैत्रा गेली, आणि दुसऱ्या दिवशी सरोजाबाई बाहुल्या ट्रंकेत भरायला बसल्या. सगळ्यांना वर्तमानपत्र गुंडाळलं. वॉलरसला मात्र त्यांनी आपलं जुनं मऊ लुगडं काढलं, आधी एक कान गुंडाळला, मग दुसरा, आणि त्याला सगळ्यांच्या वर ठेवलं, दाबला जाऊ नये असा.